गौरजाकाकीची सवत

गौरजाकाकीला सवत आहे आणि ती तिच्याच घरात राहते, ही बातमी गावात सगळ्यात आधी मला कळली. त्यात माझी हुशारी काही नाही. फोंडाघाटाच्या बाजारापासून आठ किलोमीटर आत आमचं गाव आहे आणि गावाचं पोस्ट मी चालवते. एक खोली, एक टेबल, एक वजनकाटा आणि मी, किशोरी. गावात येणारा प्रत्येक कागद माझ्या हातातून जातो.

त्या दिवशी आलेल्या पाकिटावर टाइप केलेलं होतं, 'श्रीमती गौरजा मंगेश तावडे आणि श्रीमती सीता मंगेश तावडे.' मी पत्ता दोनदा वाचला. मंगेश तावडे आमच्या गावात एकच. त्यांची बायको गौरजाकाकी, तीही माझ्या माहितीप्रमाणे एकच. मंगेशकाका पंचाहत्तरीचे, दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरे. दुसरी बायको राहू दे, त्यांना स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही. त्यामुळे ते कायम काकीचा लावून बसतात.

पाकीट घेऊन गेले तेव्हा काकी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, काजूच्या बिया वाळत घालत होती.

"तूच वाच गो," ती म्हणाली. "माझो चष्मो ह्यांच्या नाकार आसा."

मी वाचलं. कोल्हापूरच्या कुणी सृष्टी नावाच्या बाईने लिहिलं होतं. 'आपल्या दोघींविषयीची नोंद माझ्या पाहण्यात आली. त्यासंबंधी माहिती घेण्यासाठी मी येत्या मंगळवारी आपल्या घरी येत आहे. आपली नावे गुप्त ठेवली जातील.' खाली सही, आणि सहीखाली 'इतिहास विभाग'.

काकीने हात झटकले. "बरा झाला. शेवटी सीतेक काढूक कोणतरी येता."

"काकी, ही सीता कोण?"

"मीच," काकी म्हणाली, आणि पुन्हा बिया पसरू लागली.

मग तिने जे सांगितलं ते मी पन्नास पावलांवर राहून कधी ऐकलं नव्हतं.

काकी मूळची देवबागची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूची पट्टी आणि तिच्यावर माड आणि घरं. तिथल्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली, आणि तिथे तिचं नाव सीता होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं, तर सासूचंही नाव सीता निघालं. सासू-सून एका नावाच्या म्हणजे घरात गोंधळ. सासूला हाक मारली तर सून ओ देणार, आणि सुनेला रागावलं तर सासूचा उद्धार होणार. म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले, मंगेशकाकांनी बोटातली अंगठी काढून त्या अंगठीनेच तांदळात नाव गिरवलं, गौरजा. भटजींनी ते वाचून दाखवलं. मांडवाने टाळ्या वाजवल्या. नवरी मान खाली घालून नथ सांभाळत होती, आणि शेजारी वाजंत्री होती. तिला ते ऐकूच आलं नाही.

"आणि मगे आठ दिवस घरात कोणतरी गौरजा आसा असा माका वाटा होता," काकी म्हणाली. "सगळी तिच्याच नावान आरड मारीत. गौरजा, पाणी हाड. गौरजा, चूल पेटय. मी मनात म्हणी होतंय, केवढी आळशी बाई ही. एकदापण येना नाय."

घरच्यांना वेगळंच वाटलं. देवबागकरांनी बहिरी मुलगी गळ्यात मारली, असा सासूने निष्कर्ष काढला. लसूण घालून कढवलेलं खोबरेल तीन दिवस तिच्या दोन्ही कानांत ओतलं. सासऱ्यांनी एकदा मागून येऊन थाळा वाजवला, तेव्हा ती दचकून उडाली. मग मत पडलं की मुलगी भांड्यांचं ऐकते, माणसांचं ऐकत नाही. शेवटी तिच्या बापाला बोलावणं गेलं.

बाप आला, खळ्यात उभा राहिला आणि त्याने हाक मारली, "सीता, गो सीता."

विहिरीवरून कळशी टाकून काकी धावत आली. त्याच वेळी घरातून सासूही बाहेर आली, रागाने लाल होऊन, कारण परका पुरुष दारात उभा राहून तिला नावाने हाक मारत होता.

"पण तू सांगितलं का नाहीस, माझं नाव सीता म्हणून?" मी विचारलं.

"कसा सांगतलंय? सासूचा नाव सुनेन तोंडात घेवचा नसता. माझा नाव सांगूक माकाच बंदी."

अशी ती गौरजा झाली आणि पन्नास वर्षं गौरजाच राहिली. समुद्राकाठची मुलगी, तिने भाताचं रोप कधी हातात धरलं नव्हतं. पहिल्या वर्षी लावणीत तिने तरव्यातलं, रोपांच्या वाफ्यातलं, गवत नीट ओळीत लावलं आणि रोपं उपटून बांधावर टाकली. तेही शिकली. काजूची बाग उभी केली, मुलगा वाढवून ठाण्याला नोकरीला पाठवला.

घोटाळा झाला तो गेल्या वर्षी. घरोघरची माहिती घेत एक माणूस आला तेव्हा काकी बागेत होती. मंगेशकाकांनी घरातले सगळे कागद त्याच्यापुढे मांडले. रेशनकार्डावर नाव होतं गौरजा. आधारकार्ड काढताना जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला दिला होता, म्हणून त्यावर होतं सीता.

"या कोण?" त्या माणसाने दोन्ही नावांवर बोट ठेवून विचारलं.

"बायल."

"दोन्ही?"

"होय, दोन्ही," मंगेशकाका म्हणाले, आणि खरं तेच सांगितलं. त्या माणसाला अजून चाळीस घरं करायची होती. त्याने लिहिलं, पत्नी दोन.

त्या माहितीची यादी गावात लागल्यावर काकीला कळलं. ती तालुक्याच्या कचेरीत दोन खेपा घालून आली. कुणीतरी घरी येऊन चौकशी करील, असं तिला सांगितलं होतं. म्हणून हे पत्र आलं तेव्हा तिने ओळखलं की हीच ती चौकशी. 'इतिहास विभाग' वाचून मी जरा थबकले, पण सरकारात जुन्या नोंदी बघणारा असा एखादा विभाग असेल, असं मलाही वाटलं.

मंगळवारी अकराच्या एसटीने सृष्टी उतरली. सत्तावीस-अठ्ठावीसची, पाठीला सॅक, उन्हाने लाल झालेली. पोस्टात येऊन पत्ता विचारला. मी तिला काकीच्या खळ्यात सोडलं आणि टपाल वाटायला निघून गेले. तिथेच चुकलं. पुढचं सगळं मला त्या दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि थोडं मी सृष्टीच्या वहीत वाचलं.

सृष्टी अधिकारी नव्हती. एका घरात नांदणाऱ्या सवतींच्या हालअपेष्टांवर ती प्रबंध लिहीत होती. जुनी पत्रं, जुने खटले वाचून झाले होते, पण हयात असलेली जोडी तिला कुठे मिळत नव्हती. कुणीतरी ती यादी दाखवली आणि तिला वाटलं, घबाड सापडलं. मालवणी तिने आयुष्यात ऐकली नव्हती.

काकीने सोलकढी दिली आणि थेट विषयाला हात घातला. "सीतेचा नाव काढून टाका. माका त्या बायेचो लय तरास झालो."

सृष्टीने लिहिलं, 'थोरलीचा धाकटीवर राग अजून धगधगता.' मग विचारलं, "तुम्ही या घरात कधी आलात?"

"माका हय बायल करून हाडल्यानी तेव्हा मी एकोणीस वर्सांचा होतंय."

"बैल करून?"

"होय तर," काकी म्हणाली. तिला वाटलं, ही खात्री करून घेते आहे.

वहीत पुढचं वाक्य आहे, 'नववधूस बैल म्हणून आणत. स्वतः उल्लेख, कोणतीही कटुता नाही.' मला विचाराल तर हे वाक्य खोडायची गरज नव्हती.

"आणि सीताताई आता कुठे असतात?"

"सीता आता खंय? ती लग्नादिवशीच गेली."

सृष्टीचं पेन थांबलं. "लग्नाच्याच दिवशी? कशा गेल्या?"

"ह्येंनीच केल्यानी." काकीने ओटीवर बसलेल्या मंगेशकाकांकडे बोट दाखवलं. "तांदूळ हाडले, आंगठी काढल्यानी, आणि झाला. एका मिनटाचा काम."

सृष्टीने अंगठीत विष ठेवायची पद्धत कुठेतरी वाचली होती. "तांदळात अंगठी?" तिने हळू विचारलं.

"सोन्याची. तुमच्यात तसाच करतत ना?"

"आणि घरातले बाकीचे लोक? त्यांनी काही केलं नाही?"

"टाळयो वाजवल्यानी. मगे सगळी जेवाक बसली."

"तुम्ही स्वतः तिथे होता?"

"मी नसतंय तर कसा होयत? मी बाजूकच बसललंय. पण नवी नवरी मी, मान खाली. माका कोण इचारता? माका तर कळाक आठ दिवस लागले."

सृष्टीला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पण संशोधनात दुसरी बाजू ऐकावी लागते, असं तिला शिकवलेलं. ती उठली, ओटीपाशी गेली आणि मंगेशकाकांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, सीताताईंना तुम्ही कुठे ठेवलंत?"

शहरातून आलेली पोर ओठ हलवत काहीतरी अवघडून विचारते आहे, एवढंच काकांना दिसलं. अशी माणसं आल्या आल्या एकच गोष्ट विचारतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"मागल्या परसात," ते दिलखुलास म्हणाले. "फणसाच्या मुळात. बरी पक्की बांदलली आसा, वरती पत्रे घातलेहत. जा, बघून ये. लाजू नको."

मी परत आले तेव्हा सृष्टी खळ्याच्या कडेला उभी राहून मोबाइल उंच धरत होती. आमच्याकडे रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते.  तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "इथलं पोलीस ठाणं किती लांब आहे?"

"कशाला?"

तिने फणसाकडे बोट दाखवलं. तिथे मंगेशकाका स्वतः उठून गेले होते आणि संडासाचं दार उघडून धरून तिची वाट बघत होते.

मला उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली आणि तिला समजावून सांगायला दहा. मधेच काकी विचारत होती, "काय म्हणता ती?" शेवटी मी तिलाही सांगितलं.  काकी खालीच बसली, पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. सृष्टी घाबरून तिच्याजवळ गेली. काकी हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं आणि पुन्हा हसली. मंगेशकाका परसातून परत आले आणि कुणी काही सांगायच्या आधीच हसायला लागले, कारण आता काकीबरोबर सृष्टीही हसत होती.

हसणं ओसरल्यावर सृष्टी ओशाळून म्हणाली, "माझा सगळा विषयच गेला. तुम्ही सवती नाहीच."

"हय इल्यापासून माझी मीच सवत नाय काय?" काकी म्हणाली. "बस. जेवन जा."

कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याची चटणी असं जेवण झालं. आणि जेवताना सृष्टीने एक साधा प्रश्न विचारला. "मग तुमच्या सासूबाईंचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

मला हे सुचलंच नसतं. सासू सीता, म्हणून सुनेचं नाव गेलं. पण सासूलाही कुणीतरी सीता केलं असणार.

"शेवंती," काकी म्हणाली. "बांद्याची शेवंती."

"त्यांनी सांगितलं?"

"उठी-बसवेना झाली तेव्हा. दोन वर्सां मीच सगळा करी होतंय तिचा. एक दिवस न्हाणयताना म्हणाक लागली, माका सीता म्हणून हाक मारू नको गो, माका ता नाव आवडना नाय. म्हटलंय, आवशी, मी तुका कधी नावान हाक मारलंय?" काकीने सृष्टीला भात वाढला. "माझ्या देवबागच्या आवशीची पत्रां येत पयल्या वर्सात. पोस्टमन सीतेक म्हणून सासूकडे दी. तिका जन्मात कोणी पत्र धाडूक नव्हता. तिका वाटला, आपलीच. वाचूक येणा नाय, म्हणून घडी करून पेटयेत ठेवल्यान. चार पत्रां. त्या दिवशी काढून दिल्यान माका. तीस वर्सांनी."

"राग नाही आला?" सृष्टीने विचारलं.

"इलो. पण तिका न्हाणयलेली अर्धी, पाणी थंड होय होता. रागवाक येळ खंय?"

सृष्टीने वहीत काही लिहिलं नाही. ती नुसती जेवत राहिली.

पुढच्या सोमवारी मी काकीबरोबर कचेरीत गेले. सृष्टीही हट्टाने आली. खिडकीतल्या कारकुनाने यादी बघितली आणि म्हणाला, "सीता तावडे यांचा मृत्यूचा दाखला आणा, नाव कमी करतो."

काकी कचेरीत पुस्तकी मराठी बोलते. "साहेब, सीता तावडे मीच आहे. मला अजून वेळ आहे."

"बरं. मग गौरजा तावडे यांचा आणा."

"त्याही मीच."

कारकुनाने चष्मा काढून तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग सृष्टीकडे बघून विचारलं, "या कोण? तिसऱ्या?"

त्याने मुद्दाम केलं असं नाही. त्याच्या कॉम्प्युटरात माणूस कमी करायला एकच कारण होतं. शेवटी त्याच्या वरच्या बाईंनी ऐकून घेतलं. एक प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून लिहा, दुरुस्ती होईल. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "आजी, कुठलं नाव कायम ठेवू?"

 काकीमागे रांग खोळंबली.

"मी तीन दिवसांनी सांगते," ती म्हणाली.

"अहो, नाव तर सांगायचंय."

"तेच. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. जरा विचार करू दे."

ते तीन दिवस तिने खरोखर विचार केला. पहिल्या दिवशी भावाला देवबागला फोन केला. तिथे अजून सगळे तिला सीताआतेच म्हणतात. भाऊ म्हणाला, सीताच ठेव. दुसऱ्या दिवशी तिने मंगेशकाकांना समोर बसवलं आणि त्यांच्या कानात ओरडून विचारलं. सगळ्या वाडीने ऐकलं.

"सीता नको," काका म्हणाले. "हाक मारलंय तर आवस ओ देयत."

"आवशीक जावन अठरा वर्सां झाली."

"तरीपण."

तिसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली आणि गौरजा लिहायला सांगितलं. एसटीत परतताना मी कारण विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सीता सातवीपर्यंत शिकली, समुद्र बघल्यान आणि गेली. पन्नास वर्सां चिखलात कोण उभी होती? तिचाच नाव कागदार नको, तर कोणाचा?" थोड्या वेळाने म्हणाली, "अक्षर मात्र सीतेचा बरा होता."

सृष्टीने प्रबंधाचा विषय बदलून लग्नात गेलेली नावं असा केला. मेमध्ये ती परत आली, आणि काकीने रविवारी देवळाच्या मंडपात गावातल्या म्हाताऱ्या बायका जमवल्या. प्रत्येकीने आपलं लग्नाआधीचं नाव सांगायचं आणि सृष्टीने ते वहीत लिहायचं, एवढंच काम. अर्धा तास कुणी बोलेना. कुणाचा दीर बसलाय, कुणाचा जावई. काकीने पुरुषांना बाहेर घालवलं. मग एकीने हळूच सांगितलं, आणि बांध फुटल्यासारख्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शर्मिलामावशी पूर्वीची द्वारका निघाली. मंडपाच्या खांबाआड लपलेल्या तिच्या नवऱ्याने, भाईंनी, ते ऐकलं आणि तिथूनच विचारलं, "माका कधी सांगलंस नाय ता?" ती म्हणाली, "तुम्हीच बदललास. तुमका आठवना नाय?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. पहिली ओळ काकीने शेवंतीची लिहायला लावली, हयात नसली तरी.

एकटी लवूची आय गप्प होती. ती नव्वदीची. गावात तिला लवूची आय याखेरीज दुसरं नाव कुणी ऐकलेलं नाही. "माका आठवना नाय," ती म्हणाली, आणि तिची ओळ कोरी ठेवूनच सृष्टी संध्याकाळी कोल्हापूरला परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्ट उघडलं तर काकी तिला हाताला धरून घेऊन उभी. "लिही," लवूची आय म्हणाली. "पार्वती." मी लिहिलं. दुपारी दोघी परत आल्या. पार्वती तिची बहीण होती. मी खोडलं. मंगळवारी ती सत्यभामा म्हणाली आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली, कारण ती त्यांची म्हैस होती.

बुधवारी ती आली नाही. गुरुवारी काकी तिला घेऊन आली, पायरीवर टेकवली, पाणी दिलं.  लवूच्या आयेने मला खाली वाकायला सांगितलं आणि माझ्या कानात नाव सांगितलं, इतक्या हळू की शेजारी बसलेल्या काकीलाही ऐकू आलं नाही.

"ह्या मात्र खरा," ती म्हणाली.

मी ते कार्डावर लिहिलं, सृष्टीचा पत्ता घातला आणि तिच्यासमोर शिक्का मारला. दुपारच्या एसटीने ते कोल्हापूरला गेलं.